चादरभर फुलं

त्या दिवशी सकाळी थोरली बाकावर बसली.

आता बाक म्हटल्यावर माणूस बसणारच, त्यात काय एवढं. पण थोरली बसणाऱ्यातली नव्हती. ओढ्याकाठच्या पायवाटेवर तो लाकडी बाक कधीपासून आहे, आणि इतक्या वर्षांत ती त्याला जाता जाता नुसता हात लावून पुढे जायची. बसायला घर आहे की, म्हणायची. त्या दिवशी मात्र चढ संपला तशी बसली, काखेतली चादर मांडीवर घेतली, दोन-चार वेळा तोंडाने श्वास सोडला आणि म्हणाली, "बाकाला वाईट वाटत असेल गं. एवढी वर्षं उभा आहे बिचारा, आपण एकदा पण टेकलो नाही."

"बाक उभा नसतो जाऊबाई, तो बसलेलाच असतो," धाकटी म्हणाली.

"मग तू पण बस त्याच्याबरोबर. तीन जणं होऊ."

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. दोघी एकाच घरात, एका शेगडीवर चहा करणाऱ्या. थोरली हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला, धाकटी बेकरीत. दोघींना सकाळी लवकर निघावं लागायचं आणि दोघींची वाट एकच. घरामागून निघायचं, ओढ्याच्या कडेकडेने चढायचं, फळ्यांच्या पुलापाशी धाकटीने उजवीकडे बेकरीला वळायचं आणि थोरलीने सरळ हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी जायचं. बस पण होती. सगळे बसनेच जायचे. थोरली म्हणायची, बसला काय खिडकी असते, पण ती पळते. मला न पळणारी खिडकी पाहिजे.

तिचं असं होतं की लॉन्ड्री तळघरात. तिथे खिडकीच नाही. वरून पांढरे दिवे, खाली फरशी ओली, एका बाजूला पिंपांसारखी मोठी मशीनं घरघरताहेत, दुसऱ्या बाजूला गरम रुळाचं मशीन, त्याच्यातून चादरी इस्त्री होऊन निघताहेत आणि सगळीकडे वाफ. बाहेर ऊन आहे का पाऊस, कळायचं नाही. आजारी माणसाच्या अंगाखालचं सगळं तिथे यायचं, ते काय काय असायचं ते सांगायला नको. ते पांढरं करून वर पाठवायचं. थोरलीने नाक मुरडलेलं कोणी बघितलं नाही. "कोणाचा तरी वाईट दिवस धुतेय," एवढंच म्हणायची. मग सुट्टी झाली की बाहेर येऊन आधी मान वर करून आभाळ बघायची, कोणी बोलावल्यासारखी.

आणि थंडी सरत आली की तिच्या पायाला भिंगरी लागायची.

अजून गवत तपकिरी असायचं, झाडं म्हणजे नुसत्या काड्या, स्वेटर काढायचा का ठेवायचा कळत नाही असे दिवस. त्या दिवसांत थोरली रस्त्याकडे बघून चालायचीच नाही. कडेला बघत चालायची. एकदम थांबायची, गुडघे वाजवत खाली बसायची आणि म्हणायची, "आलात का? या, या." धाकटीला पहिल्या वर्षी वाटलं की हिला कोणी ओळखीचं दिसलं. बघते तर वाळक्या पानांतून नखाएवढं पिवळं फूल वर आलेलं.

"फुलं काय बघायची? पोटाला काय मिळतं?" धाकटी म्हणाली होती तेव्हा.

"पोटाचं तू बेकरीत बघतेसच की. डोळ्यांना उपाशी ठेवतेस त्याचं काय?"

फुलांची खरी नावं तिला कुठली माहीत. शाळा चार बुकं, ती पण अर्धी. तिने आपली लॉन्ड्रीतली नावं दिली होती. ती पिवळी बारकी फुलं म्हणजे बटणं. पुलाजवळ ओलीत जमिनीलगत निळी पसरायची, ती नीळ. पांढरी, ताठ पाकळ्यांची, ती खळ घातलेली. आणि एक जांभळं फूल होतं, मान खाली घालून उभं राहणारं, त्याला ती नवी सून म्हणायची. "थांब," म्हणायची, "आठवड्याने बघ तिची मान कशी वर येते." आणि यायची पण. घरात सगळे तीच नावं वापरायला लागले. थोरलीचा नवरा मुलखाचा अबोल, तो पण संध्याकाळी चप्पल काढताना सांगायचा, "पुलापाशी नीळ सांडलीय." तेवढं त्याचं दिवसाचं बोलणं.

तोडायची मात्र नाही. कोणी तोडताना दिसलं तर सोडायची पण नाही. एकदा एक बाई चांगली मूठ भरून नीळ तोडत होती. थोरली गेली तिच्याजवळ, गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुमच्या घरी गादीवर घालायच्या आधीच चादरीवर कोणी बसतं का हो?" त्या बाईला काही अर्थ लागला नाही, पण ती लाजून निघून गेली. धाकटी म्हणाली, "जाऊबाई, मला पण नाही कळलं." थोरली म्हणाली, "मला तरी कुठे कळलं, पण गेली ना ती?"

वाटेवरचं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे बाकाच्या पुढचं झाड. पान एक नाही आणि एका रात्रीत पांढरंफेक. लांबून बघाल तर कोणीतरी धुणं वाळत घातलंय असं वाटावं. त्या झाडाखाली थोरली गेली की ती बोलायचीच नाही. तोंडाचा पट्टा बंद. वर बघत उभी राहायची, मधमाश्यांचा आवाज ऐकत, आणि हसायची. धाकटीने तिला किती जणांच्या लग्नात बघितलं, कोणाच्या बाळाला खेळवताना बघितलं, पण तसं हसताना त्या झाडाखालीच.

चादरीचं मग सुरू झालं ते सासूमुळे.

सासू म्हणजे घरात सगळ्यांची आई. जीभ म्हणजे कात्री. थोरली आली त्या दिवसापासून तिने तिच्या कामात खोट काढली. भांडी अशी का, पडदा तसा का, आणि अंथरूण घातलं की ठरलेलं वाक्य, "कोपरा सैल आहे गं थोरले." थोरली पुन्हा ओढायची. लॉन्ड्रीत तिच्या घड्यांची वाहवा व्हायची ती काही उगीच नाही. सासूने नाकी नऊ आणले होते, त्यातून तो हात तयार झाला होता. ती स्वतःच हसून सांगायची, "आमच्या लॉन्ड्रीची साहेबीण बरी, ती एकदाच बघते."

मग सासू न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती पलंगालाच लागली. घर वर, जिन्याने खाली नेणं कठीण. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचा पाइप दिसायचा, बस. पुढच्या थंडीच्या शेवटाला एक दिवस दोघी जावा वाटेवरचं सांगत होत्या, बटणं आली, झाड उमललं. सासू भिंतीकडे बघून म्हणाली, "तुमचं बरं आहे बायांनो. पाय आहेत."

टोमणाच होता. नेहमीचाच. पण थोरलीला तो लागला. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातली स्वतःची जुनी चादर काढली, निळ्या काठाची, एका कोपऱ्याला ठिगळ असलेली, आणि काखेत मारली.

झाडाखाली दोघींनी ती चार कोपऱ्यांना धरून ताणली आणि उभ्या राहिल्या. फांदी हलवायची नाही, असा थोरलीचा नियम. झाड देईल तेवढं. वाऱ्याची वाट बघायची. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा थांबले. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"कोणी वरून उडी मारणार आहे का?"

"हो, हो," थोरली म्हणाली. "तुम्ही जरा लांब उभे राहा."

ते खरोखर लांब उभे राहिले. आणि वारा आला. पाकळ्या अशा खाली आल्या की धाकटीच्या हातातला कोपरा सुटता सुटता राहिला. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, कुत्रं भुंकलं.

मग घडी. ती घडी कशी घालायची ते फक्त थोरलीलाच ठाऊक. आधी ठिगळाचा कोपरा आत, मग दोन्ही बाजू, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं आणि धाकटीने आपली टोकं थोरलीच्या हातात द्यायची. पुढचं ती काय करायची कोण जाणे, पण वरून बघाल तर परीटघडीची साधी चादर, हलवा नाहीतर आपटा, एक पाकळी बाहेर पडायची नाही. घरी आल्यावर दोघींनी पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहायचं, टोकं धरायची, थोरलीने "हं" म्हणायचं, आणि एक झटका. सगळं झाड छताला जाऊन सासूवर पडायचं. केसांत, चष्म्यावर, उशीवर, पाण्याच्या भांड्यात.

"अगं बायांनो! हा कचरा कोण काढणार?" सासू ओरडली.

पण केर काढायला धाकटी झाडू घेऊन आली तर म्हणाली, "राहू दे. आत्ता धूळ उडवू नकोस, मला खोकला येतो." दुसऱ्या दिवशी पण खोकल्याचंच कारण, आणि खोकला कोणी ऐकला नाही.

तेव्हापासून दर वर्षी. सासू एरवी कोणाकडे काही मागायची नाही, पण थंडी ओसरली की थोरलीला विचारायची, "तुझा तो कचरा कधी आहे गं यंदा?"

तर त्या दिवशी थोरली बाकावर बसली, मग उठली, आणि दोघी झाडाखाली चादर ताणून उभ्या राहिल्या. वारा काही येईना. धाकटीचा जीव टांगणीला, बेकरीत पहिला पाव भट्टीतून निघायची वेळ झालेली. थोरली आपली वर बघून हसतेय. तोंड जरा पांढुरकं दिसत होतं, पण त्या झाडाखाली सगळ्यांचंच दिसतं.

"जाऊबाई, एक फांदी हलवू का? हळूच."

"मागून घेतलेलं ते घेतलेलं. दिलेलं ते दिलेलं. थांब जरा."

आणि आला वारा. त्या वर्षी जेवढ्या पडल्या तेवढ्या कधी पडल्या नव्हत्या. चादर जड झाली. थोरलीने घडी घातली, छातीशी धरली. पाकळ्या दवाने ओल्या होत्या, तिच्या ब्लाउजला ओल आली.

"माझ्याकडे द्या," धाकटी म्हणाली. "मी दुपारी घरी जाते तुमच्या आधी. देते आईंना."

"एकटी कशी उघडशील? दोन टोकं तू धरशील, दोन काय आई धरणार आहेत? संध्याकाळी मी येते, दोघी उघडू." मग जाता जाता वळून म्हणाली, "आणि तुझ्या हातात घडी टिकत नाही. तू आपले पाव सांभाळ."

लॉन्ड्रीत तिने चादर आपल्या फळीवर ठेवली आणि कामाला लागली. तिच्या जोडीला शिडी असायची. शिडी म्हणजे बाई खूप उंच, म्हणून सगळे शिडी म्हणायचे, ती पण हाकेला ओ द्यायची. थोरली आणि शिडी समोरासमोर उभ्या राहून चादरीच्या घड्या घालायच्या. टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं द्यायची, मागे जायचं. इतकी वर्षं तेच केल्यावर बोलावं लागत नाही. दुपार व्हायच्या आधी थोरली अशीच चालत आली, टोकं पुढे केली आणि म्हणाली, "ही धर." शिडी धरायला गेली तर थोरलीची बोटं सुटेनात. मग ती सावकाश खाली बसली, चादर हातातच.

बेकरीत फोन आला. धाकटी पिठाच्या एप्रनसकट धावली. पायवाटेनेच धावली, बस कोण बघतंय.

थोरलीला वरच्या मजल्यावर नेलं होतं. जन्मभर ज्या चादरी वर पाठवल्या त्यांच्यातल्याच एकीवर ती आडवी होती. नळ्या लावलेल्या. धाकटी जवळ गेली तर थोरली बोटांनी गादीची कड चाचपत होती.

"जाऊबाई, काय पाहिजे?"

"ही कोणी घातली गं?" थोरली अगदी हळू म्हणाली. "कोपरा सैल आहे."

धाकटीला रडू पण येईना आणि हसू पण. तिने कोपरा ओढून आत खोचला. थोरलीने डोळे मिटले. मग म्हणाली, "आईंना चादर. आजच. उद्या सुकतील."

"देते. तुम्ही गप्प पडून राहा."

"दोघी उघडा," थोरली म्हणाली. दोघी म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही. ऊन उतरायच्या आत ती गेली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले धाकटीला विचाराल तर तिला सांगता येणार नाही. माणसं आली, गेली, खुर्च्या आणल्या, परत दिल्या. वारा सुटला, पाऊस आला, सगळं एकदम. थोरलीचा नवरा दारात बसून तिच्या चपलांकडे बघायचा. आणि सासू बोलायची थांबली. रडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. पाणी दिलं तर एक घोट, जेवण दिलं तर नाही. उशी वाकडी ठेवली तरी काही नाही, चहा गार दिला तरी काही नाही. धाकटीने मुद्दाम एक दिवस अंथरूण वेडंवाकडं घातलं, चारी कोपरे लोंबत ठेवले. शब्द नाही. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले शरीरात नवीन काही नाही, पण त्यांनी खायला पाहिजे, असं चालणार नाही. थोरलीच्या पाठोपाठ ही पण निघाली की काय, असं धाकटीला वाटायला लागलं.

आणि पावाच्या पाट्या उचलताना एक दिवस तिला चादर आठवली. आजच दे म्हणाली होती. आज कधीच होऊन गेला होता.

ती पायवाटेने निघाली. झाड बघितलं. पावसाने सगळं धुऊन नेलेलं, एक पांढरा ठिपका नाही, काड्यांना हिरवे कोंब. खाली चिखलात पाकळ्या कुजून गेलेल्या. म्हणजे आता असेल नसेल ते त्या घडीतच.

लॉन्ड्रीत थोरलीची फळी रिकामी होती.

"निळ्या काठाची ना?" शिडी म्हणाली. "ठिगळाची? मी ठेवलीय सांभाळून. घरी आणून देणारच होते गं, पण तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती." तिने कागदात गुंडाळलेली चादर काढली. कडक, सपाट, पाटीसारखी. "तिची फळी आवरायला सांगितली मला. बघते तर चादर ओली. म्हटलं कुबट वास लागेल, म्हणून गरम रुळातून काढली. दोनदा."

"उघडली होतीस?"

"थोरलीची घडी कोण उघडून बघतं?" शिडी म्हणाली. आणि खरंच होतं ते. त्या तळघरात सगळ्यांच्या घड्या उघडून तपासायचे, थोरलीच्या नाही. तिचा हात लागला म्हणजे काम झालं, असा नेम. "वास मात्र वेगळाच आला बघ. गोडसर. मला वाटलं साबण बदलला की काय."

धाकटीने तिला सांगितलं आत काय होतं. शिडी एवढी उंच बाई, तिथल्या मळक्या कपड्यांच्या टोपलीवरच बसली. "मेले," म्हणाली. "तिचं शेवटचं मीच भाजलं."

"चल माझ्याबरोबर," धाकटी म्हणाली. "उघडायला दोघी लागतात."

घरी थोरलीच्या नवऱ्याने दार उघडलं, चादर बघितली आणि बाजूला झाला. दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सासू भिंतीकडेच तोंड करून.

"आई," धाकटी म्हणाली, "जाऊबाईंनी पाठवलंय. उशीर झाला."

"हं" कोणी म्हणायचं, हे दोघींनाही कळेना. शेवटी थोरलीचा नवराच दारातून म्हणाला, "हं." दोघींनी झटका दिला.

काही उडालं नाही. चादर आतल्या आत चिकटली होती. थर वेगळे करावे लागले, चर्र चर्र आवाज करत. आत पाकळ्यांचे पापुद्रे, चहाच्या रंगाचे, कापडाला बसलेले. थोड्या सुटल्या आणि कोंड्यासारख्या सासूच्या पांघरुणावर पडल्या. बाकीच्यांचे नुसते डाग. चादरभर. कुठे एकेकटे, कुठे गर्दीने, सगळे पाकळीच्या आकाराचे. खोलीत तो गोडसर भाजका वास पसरला.

शिडीला राहवेना. डाग बघितला की लॉन्ड्रीतल्या माणसाचा हात आपोआप जातो. "मी काढून देते," ती घाईघाईने म्हणाली. "लिंबू नि मीठ लावून ठेवते, मग गरम पाण्यात. जुना नाही डाग. निघेल, शंभर टक्के निघेल."

सासूने मान वळवली. इतक्या दिवसांनी. चष्मा नव्हता, तरी डोळे बारीक करून तिने आधी चादर बघितली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग शिडीला बघितलं, खालून वर.

"ही कोण?"

"जाऊबाईंच्या जोडीची, आई. लॉन्ड्रीतली."

"तिला सांग, लिंबू घेऊन जवळ आली तर बघ." आवाज बसलेला होता, पण कात्री तीच. "अंथर ती. माझ्याखाली."

माणूस पलंगावर असताना चादर कशी बदलायची ते हॉस्पिटलच्या बाईला सांगावं लागत नाही. शिडीने सासूला अलगद कुशीवर वळवलं, धाकटीने अर्धी चादर सरकवली, मग दुसऱ्या कुशीवर, मग ओढून घेतली. डागांची बाजू वर. सासू तिच्यावर पाठ टेकून पडली आणि तिने दोन्ही हात बाजूला पसरून तळवे चादरीवर ठेवले. धाकटी पायाशी उभी राहून वाट बघत होती.

"अगं धाकटे," सासू म्हणाली. "कोपरा सैल आहे."

धाकटी वाकली आणि ठिगळाचा कोपरा धरून ओढायला लागली.